आधी यादी, मग कॅमेरा

पत्र: ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारी एक विद्यार्थिनी लिहिते: कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या गावी शंभर वर्षं ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. मागच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं भरून जुनी पुस्तकं आणि मासिकांचे बांधीव खंड आहेत, सगळे मिळून नऊशेच्या आसपास. दरवर्षी कसर आणि ओल त्यातलं काही ना काही खाते. लघुप्रबंधाला चार महिने उरलेत. मार्गदर्शक म्हणतात, शंभर वाचकांची प्रश्नावली घे आणि मोकळी हो. मला मात्र ती कपाटंच मोबाइलनं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली करायची आहेत. कार्यवाहांचा नकार आहे: "सगळं मोबाइलवर गेलं की इथे येणार कोण?" मित्र म्हणतो, ग्रंथपाल ओळखीचे आहेत, गुपचूप फोटो काढ आणि टाक इंटरनेटवर. मी काय करू?

उत्तर:

तुमच्या पत्रातली कळकळ खरी आहे आणि कसर कोणासाठी थांबत नाही हेही खरं. तरीही आधी थोडा हिशोब मांडू. नऊशे पुस्तकं, सरासरी दोनशे पानं, म्हणजे १,८०,००० पानं. दोघांनी मिळून काम केलं, एकानं पान उलटलं आणि दुसऱ्यानं कॅमेरा सांभाळला, तर हात बसल्यावर तासाला दोनशे पानं धरा. झाले ९०० तास. रोज पाच तास बसलात तर १८० दिवस, आणि यात एकही पान पुन्हा तपासलेलं नाही. तपासणीला जवळपास तेवढाच वेळ जातो. डेमी अष्टपत्री आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांचं पान ४०० पीपीआयला (इंचाला ४०० पिक्सेल) रंगीत आणि कॉम्प्रेस न करता टिफ या प्रकारच्या चित्र-फाइलीत ठेवलं तर सुमारे २२ एमबीचं होतं. सगळं मिळून चार टेराबाइट. तीन प्रती ठेवायच्या तर बारा. चार महिन्यांत एकट्या विद्यार्थिनीच्या हातून हे होणार नाही. अर्धवट सोडलेलं स्कॅनिंग तर फार फसवं असतं, कारण "आमचं डिजिटायझेशन झालंय" एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

पण प्रश्न फक्त वेळेचा नाही. तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात: जे सर्वांत जुनं ते सर्वांत धोक्यात आहे, स्कॅन झालं की पुस्तक वाचलं, आणि या कपाटातलं कुठेच स्कॅन झालेलं नाही. तिन्ही गोष्टी तपासून बघायला हव्यात.

पहिली गोष्ट कागदाची. हातकागदावरची दोनशे वर्षांपूर्वीची पोथी आज अनेकदा मऊ आणि धड असते, आणि १९३५ चं मासिक हातात घेतलं की पापडासारखं मोडतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्याला राळ आणि तुरटी लावत. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्यामुळे त्या वर्षांतली बरीच छपाई हलक्या कागदावर झाली. म्हणून तुमच्या कपाटात १८८० च्या पुस्तकाआधी १९४३ च्या दिवाळी अंकाचा नंबर लागू शकतो. ठिसूळपणा पाहायला पानाचा कोपरा दुमडून बघण्याची एक पद्धत सांगतात. दुर्मिळ प्रतीवर ती करू नका. पान उलटताना कडेचे तुकडे मांडीवर पडतात का, एवढं पाहिलं तरी कळतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. स्कॅन झालेलं पुस्तक बऱ्याचदा अधिक धोक्यात येतं. कपाटात जागा नसते, निर्लेखनाची, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांची यादी निघते, "हे तर कॉम्प्युटरवर आहे" असं कोणीतरी म्हणतं आणि मूळ प्रत रद्दीत जाते. मग लक्षात येतं की स्कॅनमध्ये पान ४७ नंतर थेट ५० आहे. म्हणून ग्रंथालयाशी काहीही ठरवण्याआधी, स्कॅन झालेली मूळ प्रत बाद करणार नाही, हे वाक्य कागदावर आणा.

तिसऱ्या गोष्टीसाठी थोडा शोध घ्यावा लागेल. राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावरचे दुर्मिळ ग्रंथ, मराठी विकिस्रोत आणि इंटरनेट अर्काइव्ह ही तीन ठिकाणं तरी पाहा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पातली हजारो भारतीय पुस्तकं अर्काइव्हवर आहेत. त्यांची नावं मात्र मोडक्यातोडक्या रोमन अक्षरांत नोंदलेली असतात, लेखकाचं नाव बऱ्याचदा गाळलेलं किंवा चुकीचं असतं. म्हणून एकच नाव चार-पाच स्पेलिंगांनी शोधा, नुसत्या आडनावानं शोधा, विषयानंही शोधा. सापडलं तर "आहे" अशी खूण करून पुढे जाऊ नका. फाइल उघडा आणि शेवटचं पान, मधली दहा पानं, नकाशे, चित्रं बघा. कापलेल्या ओळी, काळी पडलेली पानं, गायब प्रकरणं असतील तर तुमच्या प्रतीचा चांगला स्कॅन हवाच आहे. १९३७ पर्यंतच्या मुद्रित पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची हाताशी ठेवा. तिच्यात न सापडणारं एखादं पुस्तक तुमच्या कपाटात निघालं तर ती लघुप्रबंधाची मोठी मिळकत ठरेल.

म्हणून माझा सल्ला असा: प्रश्नावली सोडा किंवा धरा, ते नंतर बघू, पण चार महिन्यांतले पहिले पाच-सहा आठवडे कॅमेऱ्याला हात लावू नका. सगळ्या नऊशे ग्रंथांची स्थिती-पाहणी करा. एका ग्रंथाला पाच मिनिटं, म्हणजे ७५ तास. रोज चार तास धरले तर एकोणीस दिवस. उरलेला वेळ शोधाशोधीला.

तक्त्यात काय भरायचं? दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा नोंदवहीत मिळालेला), आतल्या शीर्षकपानावर छापलंय तसंच नाव, लेखक, अनुवादक, छापखाना आणि गाव, छापलेलं वर्ष, पानं, सेंटिमीटरमध्ये उंची, कागद आणि बांधणीची स्थिती, कसर-वाळवी-बुरशीच्या खुणा, प्रत पूर्ण आहे का, इतरत्र प्रत किंवा स्कॅन आहे का, लेखकाचं मृत्युवर्ष. वर्षाच्या रकान्यात फार चुका होतात. जुन्या पुस्तकावर "शके १८२०" असतं आणि सगळे सरसकट ७८ मिळवून १८९८ लिहितात. चैत्रात छापलं असेल तर ते बरोबर, पण फाल्गुन असेल तर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं आणि ७९ मिळवून १८९९ येतं. महिना दिलेला नसेल तर "१८९८-९९" लिहा. शके एका रकान्यात जसंच्या तसं आणि सन दुसऱ्या रकान्यात, म्हणजे पुढच्या माणसाला तुमचा हिशोब तपासता येईल. १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे पुस्तक रजिस्टर केल्याची ओळ, "सर्व हक्क" कोणाकडे, किंमत किती आणे, "सप्रेम भेट" कोणाची, हे सगळं शीर्षकपानाच्याच पुढे-मागे असतं. तेही टिपा.

हा तक्ता युनिकोडमध्येच करा. अनेक वाचनालयांच्या याद्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. युनिकोडमध्येही एक बारीक खाच आहे. "ॲ" हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप होतं किंवा "अ" वर चंद्र देऊनही होतं. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. "सुधारणाऱ्या" मधला तो अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो, त्याचंही तसंच. एक रीत ठरवा आणि तक्त्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाहीतर तुमच्याच यादीत तुमचंच पुस्तक सापडणार नाही.

पाहणी करताना पुस्तकांशी कसं वागायचं तेही सांगते. दोन इंची मऊ ब्रश घ्या आणि पुस्तक मिटलेलं धरून वरच्या कडेवरची धूळ कण्याकडून बाहेर झाडा. तोंडाला एन-९५ मास्क. स्वच्छ धुतलेले कोरडे हात सुती हातमोज्यांपेक्षा बरे, कारण मोज्यात बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. बुरशी असेल तिथे मात्र नायट्राइलचे मोजे घाला आणि ते पुस्तक लगेच वेगळ्या खोक्यात ठेवा. ओलसर पुस्तक उन्हात घालायची जुनी सवय आहे, ती नको. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानं थोडी उघडी ठेवून वाळवा. गुळगुळीत आर्ट पेपरवरची चित्रं ओलीनं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, छपाईचा थर निघून येतो. सेलोटेप, लॅमिनेशन, फेव्हिकॉल यांतलं काहीही वापरू नका. फाटलेलं पान तसंच पातळ कागदात गुंडाळून ठेवलं तर पुढे कोणी जाणकार जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीनं ते जोडू शकतो. सेलोटेपचा तपकिरी डाग मात्र निघता निघत नाही. आणि हे सगळं पावसाळ्यात सुरू करू नका. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याहून बरीच वर असते.

आता हक्कांचं. इथे तुमच्या मित्राचा सल्ला तुम्हाला अडचणीत आणेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही साठ वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. पण १९३८ ची एखादी कादंबरी जुनी दिसते म्हणून मोकळी होत नाही. तिचा लेखक १९७२ मध्ये वारला असेल तर ती ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत बांधलेली आहे. अनुवादकाचा हक्क वेगळा. मूळ संस्कृत ग्रंथ कितीही जुना असला तरी मराठी अनुवाद करणारा १९७० मध्ये गेला असेल तर २०३० संपेपर्यंत थांबावं लागेल. निनावी किंवा टोपणनावानं आलेल्या लेखनाला, लेखक कोण हे उघड झालेलं नसेल तर, प्रकाशनापासून ६० वर्षं. मासिक हे प्रकरण सगळ्यांत किचकट, कारण एका अंकात वीस लेखक असतात. म्हणून तक्त्यात मृत्युवर्षाचा रकाना. ते सापडलं नाही तर पुस्तक हक्काखाली आहे असंच समजा.

पण याच कायद्यानं ग्रंथालयाला एक दार उघडं ठेवलंय, आणि ते तुमच्या कार्यवाहांना बहुधा माहीत नसेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ प्रमाणे, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवून ठेवता येते. हक्क संपलेला नसला तरीही. साठवणं आणि इंटरनेटवर खुलं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवा. यातलं काहीही ग्रंथालयाच्या नावानं आणि संमतीनं व्हायला हवं. गुपचूप काढलेल्या फोटोंना हे संरक्षण नाही. आणि उद्या बिंग फुटलं तर नोकरीवर बालंट येईल ते त्या ओळखीच्या ग्रंथपालांवर.

कार्यवाहांच्या नकाराकडे अडाणीपणा म्हणून पाहू नका. गावोगावच्या वाचनालयांतून "अभ्यासाला नेतो" म्हणून गेलेली पुस्तकं परत न आल्याच्या आठवणी असतात. लोक येणार नाहीत ही भीतीही पोकळ नाही, सरकारी अनुदानासाठी ठरलेला वर्ग टिकवण्यासाठी सभासद आणि वाचक मोजावे लागतात. त्यांच्याकडे जाताना स्कॅनिंगची परवानगी मागू नका, यादीची मागा. पुस्तक इमारतीबाहेर जाणार नाही असं लिहून द्या. यादी पुरी झाली की तिची छापील प्रत कार्यकारी मंडळापुढे ठेवा: आपल्याकडची इतकी पुस्तकं इतरत्र कुठेच सापडत नाहीत. संशोधक येतो तो अशा यादीमुळे. आज तुमच्या कपाटात काय आहे हे गावाबाहेर कोणालाच ठाऊक नाही, मग येणार कोण, हा त्यांचाच प्रश्न त्यांच्यापुढे नव्यानं ठेवा. पुढे करार करायचा झालाच तर एका पानाचा पुरे: कोणती पुस्तकं, मूळ फाइल कोणाच्या ताब्यात, खुलं काय होणार, श्रेय कसं छापायचं, आणि तुम्ही पदवी घेऊन गेल्यावर हार्ड डिस्क कोण सांभाळणार. शेवटचा मुद्दा नेहमी राहून जातो.

मार्गदर्शकांना विषय असा मांडून दाखवा: "तालुक्यातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयातील १९५० पूर्वीच्या मराठी मुद्रितांची स्थिती आणि डिजिटायझेशनसाठी निवड". नऊशे ग्रंथांची आकडेवारी शंभर प्रश्नावल्यांपेक्षा कमी पडणार नाही. दशकवार किती प्रती ठिसूळ, किती अपूर्ण, किती इतरत्र उपलब्ध, किती हक्कमुक्त, याचे तक्ते सहज निघतील. प्रश्नावली हवीच असेल तर ती वाचकांऐवजी शेजारच्या दहा-बारा वाचनालयांच्या ग्रंथपालांना द्या. तीन प्रश्न पुरेत: १९५० पूर्वीचं काय आहे, यादी आहे का, गेल्या पाच वर्षांत काय बाद केलं.

उरलेल्या वेळात दहा पुस्तकं स्कॅन करा. दहाच, पण अखेरपर्यंत नीट. मोबाइलला तुम्ही कमी लेखू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. बारा मेगापिक्सेलमध्ये एक डेमी पान ४०० पीपीआयच्या वर सहज बसतं, पिक्सेल कमी पडत नाहीत. घात होतो तो स्कॅनिंग ॲपमुळे. ते पिवळा कागद पांढरा करतं, आणि त्या सफाईत समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी जातात, बारीक ठिपके डाग समजून पुसले जातात. जुन्या मराठीत ठिपका म्हणजे अनुस्वार. "केलें", "घरें", "त्यानें" यांतला तो एक बिंदू गेला की शब्दाचं जुनं रूपच जातं. म्हणून साधा कॅमेरा, शक्य असल्यास रॉ (कॅमेऱ्यानं कसलीही सफाई न केलेली फाइल), आणि प्रकाश, फोकस, रंग तिन्ही हातानं ठरवून कायम केलेले. स्टँड हलता कामा नये. दोन्ही बाजूंना सारखे एलईडी दिवे, पानाशी ४५ अंशांत, खिडकीचा उजेड बंद. पुस्तक १०० अंशांपेक्षा जास्त उघडू नका. जाड पुठ्ठ्याचा व्ही आकाराचा आधार करा, आधी सगळी उजवीकडची पानं घ्या, मग पुस्तक फिरवून डावीकडची, आणि नंतर क्रम जुळवा. या जुळणीत एक पान जरी दोनदा आलं किंवा सुटलं तर पुढचं सगळं घसरतं. म्हणून घेण्याआधी पानं मोजून कागदावर लिहा: मुखपृष्ठ, प्रारंभीची पानं, मुख्य पानं, कोरी पानं, जाहिराती, मलपृष्ठ. फोटोंची संख्या तीच आली पाहिजे. जाहिराती गाळू नका. एखाद्या छापखान्याच्या पुस्तकांची यादी पुष्कळदा तिथेच फक्त उरलेली असते. पहिल्या फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा.

फाइलच्या नावात मोकळी जागा नको, देवनागरी नको. ग्रंथालयाचं संक्षिप्त नाव, दाखल क्रमांक आणि चार आकडी पानक्रम पुरे. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून संगणकानं काढलेला ओळख-आकडा, काढून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी फाइल बिघडली का ते कळेल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर.

ओसीआर, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं संगणकाकडून वाचून घेणं, करून बघायचं असेल तर टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे. त्याच्यावर भरवसा ठेवण्याआधी तीस पानं हातानं अचूक टाइप करा आणि शेकडा किती अक्षरं चुकली ते मोजा. शिळाप्रेसची (दगडावरून छापलेली) पानं, खिळ्यांची (सुट्या टाइपांची) छपाई आणि मासिकांची दोन रकानी पानं वेगवेगळी मोजा, कारण आकडे फार वेगळे येतील. उभी जोडाक्षरं आणि अनुस्वार तिथे हमखास पडतात. शिवाय १९६२ आणि १९७२ च्या लेखननियमांआधीचा मजकूर आजच्या लेखनानं शोधला तर सापडत नाही: "केले" शोधणाऱ्याला "केलें" मिळत नाही. या एका विषयावरही स्वतंत्र प्रकरण होईल. मोडीतलं काही निघालं तर ओसीआरचा विचार सोडा, नुसत्या प्रतिमा आणि चांगली नोंद करा.

त्या दहांत पहिला क्रमांक कशाला द्यायचा, तर वाचनालयाच्या सर्वांत जुन्या दाखल नोंदवहीला. कपाटातल्या बऱ्याच पुस्तकांची दुसरी प्रत मुंबई, ठाणे किंवा पुण्याच्या मोठ्या ग्रंथसंग्रहालयांत असू शकेल, पण हस्ताक्षरातली ती वही जगात एकच आहे. कोणत्या वर्षी गावानं काय विकत घेतलं, भेट कोणी दिली, कोणत्या ओळीवर "गहाळ" असा शेरा पडला, हे तिच्यातच मिळेल. ती वाचनालयाची स्वतःची, म्हणून हक्काचा पेच नाही आणि कार्यवाह नाही म्हणण्याची शक्यताही कमी. देवघेवीची रजिस्टरं मात्र स्कॅन झाली तरी बंदच ठेवा, त्यांत कोणी काय वाचलं ते नावानिशी असतं. वही मोठ्या आकाराची असेल, फूलस्केपपेक्षाही लांब, त्यामुळे कॅमेरा वर घ्यावा लागेल आणि दिवे लांब सरकवावे लागतील. शाई जिथे उडालीय तिथे दिवा एकाच बाजूनं, अगदी तिरका लावून एक जादा फोटो घ्या. टाकाच्या निबानं कागदावर पाडलेली खाच त्या उजेडात वाचता येते.